कुरडयांच्या दुकानाला सर्टिफिकेट कोणतं घ्यायचं?

नागपूरच्या महाल भागात माझ्या वहिनी सावजी मसाला, कुरडया, मूगवड्या विकतात, आधी सगळं व्हॉट्सअ‍ॅपवरच चालायचं, आता दोनेक वर्षं झाली स्वतःची साइट आहे. दिवाळीच्या तोंडावर, ऑर्डरींचा अगदी रेटा चालू असताना, सकाळी साडेसहाला त्यांचा फोन. "भाऊजी, साइट उघडली की लाल लाल काहीतरी येऊन राह्यलं, कोणी घुसलं का जी दुकानात?" पुण्याच्या एका गिऱ्हाइकानं स्क्रीनशॉट पाठवला होता, तुमचं कनेक्शन प्रायव्हेट नाही असं त्यावर ब्राउझरनं लिहिलेलं.

कोणी घुसलं नव्हतं. साइटच्या सर्टिफिकेटची, म्हणजे 'ही साइट खरीच तीच आहे' हे ब्राउझरला पटवणाऱ्या दाखल्याची, तारीख रात्री संपली होती, एवढंच. होस्टिंगवाल्यानं, म्हणजे साइट ठेवायला जागा भाड्यानं देणाऱ्या कंपनीनं, विकताना सांगितलं होतं की रिन्यू आपोआप होईल, ते झालं नाही, आणि आठवण करून देणारा मेल भाच्याच्या जुन्या आयडीवर जाऊन पडला जो आता कोणी उघडतच नाही. वाईट याचं वाटलं की त्याच कंपनीच्या माणसानं त्याच दिवशी फोनवर वहिनींना वर्षाला काही हजारांचं 'प्रीमियम' सर्टिफिकेट घ्यायला सांगितलं, म्हणे याच्यात सुरक्षा जास्त असते. घरी बसून मसाला कुटणाऱ्या बाईला हे खरं की खोटं कसं कळणार? म्हणून हे नीट लिहून काढतोय.

सर्टिफिकेट हे गुमास्त्यासारखं आहे. गुमास्ता लायसन्स सांगतं की अमुक नावाचं दुकान अमुक पत्त्यावर आहे, लोणचं चांगलं आहे की शिळं हे त्यावरून कळत नाही. तसंच इथं. मोबाइलवर साइटच्या पत्त्याच्या डावीकडे जे छोटं चिन्ह असतं त्यावर बोट ठेवून आत आत जा, सर्टिफिकेट दिसेल. त्यात साइटचं नाव, कोणी दिलं त्या संस्थेचं नाव, कधीपासून कधीपर्यंत त्या दोन तारखा, आणि खाली आकड्या-अक्षरांची एक लांबलचक रांग. ती रांग म्हणजे दुकानाची सार्वजनिक किल्ली. तिची जोडीदार गुप्त किल्ली सर्व्हरवरच, म्हणजे साइट ज्या कॉम्प्युटरवर ठेवलेली असते तिथेच राहते, ती कोणालाच द्यायची नसते, सर्टिफिकेट देणाऱ्या संस्थेलासुद्धा नाही.

या किल्ल्यांमागे गणित आहे. आरएसए या पद्धतीत दोन प्रचंड मूळ संख्या गुणून एक संख्या करतात, गुणायला क्षणही लागत नाही पण गुणाकारावरून मूळच्या दोन शोधायच्या म्हटलं तर कॉम्प्युटरचा घाम निघतो. २०२० च्या फेब्रुवारीत २५० आकडी संख्या फोडली गेली, तिला एका प्रोसेसर कोरनं एकट्यानं केलं असतं तर सुमारे २७०० वर्षं लागली असती. साइटींवर जी २०४८ बिटांची किल्ली वापरतात ती ६१७ आकडी असते, आणि प्रत्येक जास्तीच्या आकड्यानं काम वाढतच जातं.

आता मुद्द्याचं. गिऱ्हाईक पत्ता आणि फोन नंबर टाकतं तेव्हा ती माहिती या किल्लीनं कुलूपबंद होत नाही! ही किल्ली फक्त सही करते, 'मीच तो सर्व्हर' हे पटवायला. माहिती कुलूपबंद करायची किल्ली वेगळी असते, दर भेटीला नवी, आणि ती ब्राउझर आणि सर्व्हर दोघं मिळून तिथल्या तिथे बनवतात, १९७६ साली डिफी आणि हेलमन या संशोधकांनी मांडलेल्या युक्तीनं, म्हणजे मधल्या वायरवर कान लावून बसलेल्याला सगळं बोलणं ऐकू आलं तरी किल्ली काही हाती लागत नाही. मग पुढची माहिती बहुतेक वेळा एईएस नावाच्या कुलपात जाते, हे २००१ पासूनचं मानक आहे. कुलूप कोणतं लावायचं हे सर्व्हर आणि ब्राउझर ठरवतात, सर्टिफिकेटची किंमत नाही. फुकटाचं असो की दहा हजारांचं, वायरवरचं कुलूप तेच.

मग जास्त पैसे कशाचे? चौकशीचे. साध्या सर्टिफिकेटला संस्था एवढंच तपासते की हे डोमेन, म्हणजे साइटचा पत्ता, खरंच तुमच्या ताब्यात आहे का, बरेचदा तुमच्या साइटवर एक छोटी फाइल ठेवायला सांगते आणि बाहेरून येऊन ती वाचते, झालं. महागात कंपनीचे कागदपत्र, पत्ता, फोन तपासतात. पूर्वी त्याचा फायदा तरी दिसायचा, पत्त्याच्या पट्टीत कंपनीचं नाव हिरव्यात यायचं, पण २०१९ मध्ये क्रोम आणि फायरफॉक्स दोघांनीही ते तिथून काढलं, आणि क्रोमनं तर २०२३ मध्ये कुलपाचं चिन्हच बदललं कारण लोक त्याचा अर्थ 'दुकान भरवशाचं' असा घेत होते. म्हणजे वहिनींनी महागडं घेतलं असतं तर पुण्याच्या त्या गिऱ्हाइकाला फरक दिसलाच नसता.

२०१८ मध्ये ब्रिटिश एअरवेज या विमान कंपनीच्या साइटवर चोरांनी जेमतेम २२ ओळींचा कोड घुसवला आणि पंधराएक दिवस लोकांच्या कार्डांची माहिती पेमेंटच्या पानावरूनच उचलली. एचटीटीपीएस, म्हणजे सर्टिफिकेटवालं कुलूपबंद कनेक्शन, पूर्ण वेळ चालू, वायरवरची माहिती कुलपातच होती, चोरी वायरच्या टोकाला चालली होती. आणि माहिती ज्या साइटवर जात होती तिचं सर्टिफिकेट चोरांनी पैसे देऊन घेतलेलं होतं, फुकटातलं नव्हतं. हे वाचल्यापासून मला कोणी 'पेड म्हणजे सेफ' म्हटलं की राहवत नाही.

म्हणून वहिनींना मी लेट्स एन्क्रिप्टचं घ्यायला लावलं. २०१५ च्या शेवटापासून ही संस्था फुकट देते, मुदत ९० दिवसांची आणि नूतनीकरण सर्व्हरवरचा प्रोग्रामच करतो. मुदत कमी ऐकून त्या घाबरल्या, पण पुढे सगळ्यांचंच तसं होणार आहे, नियमानं सर्टिफिकेटची कमाल मुदत १५ मार्च २०२६ पासून २०० दिवस, २०२७ पासून १०० आणि २०२९ पासून ४७ दिवसच, मग हातानं रिन्यू करत कोण बसणार? होस्टिंग घेताना पहिला प्रश्न हाच विचारा, आपोआप रिन्यू होतं का, आणि नाही झालं तर मेल कोणाला जातो.

वाचलेले पैसे होस्टिंगवर घाला. सर्व्हर कुठे आहे ते बघा. काचेच्या तारेत प्रकाश सेकंदाला साधारण दोन लाख किलोमीटर जातो, आपल्या नागपूरपासून अमेरिकेचा पूर्व किनारा जवळपास १३ हजार किलोमीटर, म्हणजे जाऊन-येऊन १३० मिलिसेकंद तर नुसत्या अंतराचे, प्रत्यक्षात त्याहून जास्तच. आणि पान उघडण्याआधी आधी जोडणी, मग टीएलएसची (वर सांगितलेली सही आणि नवी किल्ली ज्या पद्धतीनं होते तिची) ओळख, मग पानाची मागणी अशा कमीत कमी तीन चकरा होतात, टीएलएस १.३ असेल तर, जुन्या १.२ ला चार. मुंबईतला सर्व्हर असला तर तीच चकर अगदी थोड्या मिलिसेकंदांत होते. वहिनींची गिऱ्हाइकं पुण्या-मुंबईची, हैदराबादची, तर सर्व्हर मुंबईतच बरा.

शेअर्ड होस्टिंगमध्ये एका मशीनवर पुष्कळ साइटी राहतात, फ्लॅट स्कीमसारखं, स्वस्त पडतं, पण शेजाऱ्याकडे गर्दी झाली की आपलाही नळ बारीक. व्हीपीएसमध्ये, म्हणजे मशीनचा एक वेगळा भाग आपल्याच नावावर घेतला की, आपला हिस्सा ठरलेला असतो पण अपडेट, फायरवॉल (बाहेरच्यांना अडवणारी भिंत) सगळं आपल्या डोक्यावर, आणि ते करणारं घरात कोणी नसेल तर घेऊच नका, माझं स्पष्ट मत आहे. दिवसाला दहा-पंधरा ऑर्डरी असतील तर चांगलं शेअर्ड किंवा तयार दुकानाची सेवा पुरते.

कार्डाचं म्हणाल तर कार्ड नंबर आपल्या साइटवर घ्यायचाच नाही, गिऱ्हाइकाला पेमेंट गेटवेच्या, म्हणजे पैसे घेऊन देणाऱ्या कंपनीच्या, पानावर पाठवायचं. तसाही १ ऑक्टोबर २०२२ पासून रिझर्व्ह बँकेच्या नियमानं दुकानदाराला पूर्ण कार्ड नंबर साठवता येत नाही. आणि प्लगइन, म्हणजे साइटला वरून जोडलेले छोटे प्रोग्राम, जुने ठेवू नका, त्या २२ ओळींसारखं काही घुसतं ते बरेचदा अशाच भोकातून.

बॅकअप रोज होतो असं प्रत्येक होस्टिंगवाला सांगतो. तो परत चढवून पाहिला का हे कोणी विचारत नाही. आम्ही गेल्या महिन्यात एका रविवारी रिकाम्या जागी चढवून पाहिला, चहा होईस्तोवर साइट उभी राहिली, पण मूगवड्यांचे फोटो गायब. फोटोंचं फोल्डर बॅकअपमध्ये धरलंच नव्हतं. वहिनींनी त्याच संध्याकाळी कंपनीला मेल टाकला, आणि उत्तर येईपर्यंत सगळे फोटो पेन ड्राइव्हवर घेऊन मसाल्याच्या डब्यांशेजारच्या कप्प्यात ठेवून दिलेत.