मोडेमचा राउटर कसा झाला: केबलने फोनचं नेट लॅपटॉपला देण्याची पार्श्वभूमी

फोनमधून लॅपटॉपला इंटरनेट द्यायची कल्पना स्मार्टफोनपेक्षा जुनी आहे. फोनच्या पडद्यावर जेमतेम चार ओळी मावायच्या, तेव्हाही लोक त्याला केबल लावून लॅपटॉपवर ईमेल उतरवून घेत होते. बाहेरून पाहिलं तर तेव्हाच्या केबलचं काम आणि आजच्या केबलचं काम एकच. आतली व्यवस्था मात्र पार उलटली आहे. तेव्हा फोन हा लॅपटॉपचा मोडेम होता, म्हणजे नेटपर्यंत नेणारी नुसती वाट; आज तो लॅपटॉपचा राउटर आहे, म्हणजे स्वतः नेटवर राहून ती जोडणी वाटून देणारा. टेदरिंगवरून, म्हणजे फोनचं नेट दुसऱ्या उपकरणाला देण्यावरून, मोबाइल कंपन्यांनी घातलेली बंधनं, त्यावरून झालेल्या चौकश्या आणि खटले, विंडोजवर चालणारी केबल मॅकवर का चालत नाही हा जुना प्रश्न, यांतलं बहुतेक सगळं या एका बदलातून आलेलं आहे. म्हणून हा इतिहास त्याच अंगाने पाहायला हवा.

मोडेमचे दिवस

१९८१मध्ये हेज कंपनीचा 'स्मार्टमोडेम' बाजारात आला. संगणकाने मोडेमला हुकूम कसा द्यायचा, याची एक सोपी रीत त्याने घालून दिली: ओळ 'एटी' या अक्षरांनी सुरू करायची आणि पुढे काय करायचं ते लिहायचं. नंबर फिरवायचा असेल तर 'एटीडी' आणि त्यापुढे नंबर. ही रीत इतकी रुळली की पुढे जीएसएम मोबाइलचे मानक ठरले तेव्हा त्यांतही तीच घेतली गेली. संगणकाच्या दृष्टीने मोबाइल फोन हा आणखी एक मोडेमच होता, फक्त त्याला भिंतीतून येणारी तार नव्हती.

सुरुवातीला जीएसएमवरून डेटा जायचा तो साध्या कॉलसारखाच. कॉल लागायचा, लाइन अडून राहायची आणि वेग मिळायचा सेकंदाला ९,६०० बिट. या वेगाने १ एमबीची फाइल उतरायला, सगळं सुरळीत चाललं तरी, साधारण १५ मिनिटं लागतात. केबलची तऱ्हा वेगळीच. प्रत्येक कंपनीचा कनेक्टर निराळा, कधी एकाच कंपनीच्या दोन मॉडेलांचाही निराळा, आणि दुसऱ्या टोकाला लॅपटॉपचा सिरियल पोर्ट. केबल नसेल तर इन्फ्रारेड होतं. त्यात फोन आणि लॅपटॉप समोरासमोर ठेवावे लागत आणि फोन जरा सरकला की जोडणी तुटे. ब्लूटूथ आल्यावर ही कटकट संपली, पण ब्लूटूथच्या 'डायल-अप नेटवर्किंग' प्रोफाइलमध्येही फोनची भूमिका मोडेमचीच राहिली.

२०००च्या आसपास जीपीआरएस आलं आणि डेटा पॅकेटांमधून, म्हणजे छोट्या छोट्या तुकड्यांमधून, जाऊ लागला. आता कॉल लावायची गरज उरली नव्हती. पण संगणकाला तर नंबर फिरवल्याशिवाय नेटला जोडून घेणं माहीतच नव्हतं. मग एक नंबर ठरवण्यात आला: *९९#. विंडोजच्या डायल-अपमध्ये नवी जोडणी बनवायची, मोडेम म्हणून फोन निवडायचा, नंबराच्या जागी *९९# टाकायचं. त्यानंतर मोडेमच्या प्रॉपर्टीजमध्ये खोलवर 'एक्स्ट्रा इनिशियलायझेशन कमांड्स' नावाची एक रिकामी चौकट असायची. तिच्यात 'एटी'ने सुरू होणारी एक ओळ घालून मोबाइल कंपनीच्या एपीएनचं, म्हणजे तिच्या डेटा नेटवर्कच्या प्रवेशद्वाराचं, नाव लिहावं लागे. त्या ओळीत एखादं अवतरणचिन्ह राहिलं तरी जोडणी होत नसे, आणि समोर यायचा तो नुसता एक एरर नंबर. नेट चालू व्हायच्या आधी एवढं सगळं जमवणाऱ्यांची चिकाटी मोठीच म्हणायची.

या व्यवस्थेतली कळीची गोष्ट अशी, की 'डायल' झाल्यावर लॅपटॉप आणि फोन यांच्यात पीपीपी हा प्रोटोकॉल चालायचा आणि मोबाइल कंपनीने दिलेला आयपी पत्ता, म्हणजे इंटरनेटवरची ओळख, लॅपटॉपला मिळायचा. इंटरनेटवर होता तो लॅपटॉप. फोन मधली वाट होता. कित्येक फोनांना त्याच वेळी स्वतःचा ब्राउझर चालवणंही जमत नसे.

यूएसबीमुळे केबल बदलली, पण भूमिका लगेच बदलली नाही. यूएसबीचं पहिलं मानक १९९६चं. पुढे त्यात संपर्काच्या उपकरणांसाठी जो वर्ग ठरला त्यानुसार फोन यूएसबीवरूनही सिरियल मोडेम म्हणूनच हजर होऊ शकत होता, आणि तसा तो होत राहिला. २००६मध्ये आलेलं हुआवेचं ई२२०सारखं थ्रीजी डाँगल हे या विचाराचं शेवटचं टोक. पडदा, कळा, स्पीकर सगळं काढून टाकलेला फोन, म्हणजे निव्वळ मोडेम. लॅपटॉपला लावलं की ते आधी सीडी ड्राइव्ह म्हणून दिसायचं, त्यातून ड्रायव्हर बसवून घ्यायचं आणि मग रूप बदलून मोडेम व्हायचं. लिनक्सवर या रूपबदलासाठी 'यूएसबी-मोडस्विच' नावाचा वेगळा प्रोग्रॅम लिहावा लागला.

फोन नेटवर्क कार्ड होतो

खरा बदल आला तो फोनमध्ये पुरती ऑपरेटिंग सिस्टिम आल्यावर. फोन स्वतःच इंटरनेटवर राहू लागला, मेल आणि नकाशे स्वतः आणू लागला. मग लॅपटॉपला त्याच जोडणीत वाटेकरी करणं सोपं होतं. त्यासाठी लागणारं तंत्र आधीच तयार होतं. एका सार्वजनिक आयपी पत्त्यामागे अनेक संगणक चालवायचं 'नॅट' १९९४मध्ये मांडलं गेलं होतं, आणि खासगी जाळ्यांसाठी १९२.१६८ने सुरू होणाऱ्या पत्त्यांसारखे पत्ते त्याच वर्षी राखून ठेवले गेले होते.

राहिला प्रश्न केबलवरून काय बोलायचं हा. विंडोजमध्ये नेटवर्क कार्डाशी बोलायला एनडीआयएस नावाचा एक अंतर्गत थर आहे. त्याचेच निरोप यूएसबीवरून पाठवायची पद्धत मायक्रोसॉफ्टने काढली, ती म्हणजे आरएनडीआयएस. तिच्यामुळे लॅपटॉपला वाटतं की आपल्याला एक इथरनेट कार्ड जोडलं गेलं आहे. डायल करणं नाही, *९९# नाही, एपीएनची ओळ नाही. २००७च्या विंडोज मोबाइल ६ मधलं 'इंटरनेट शेअरिंग' याच पद्धतीने चालायचं.

ही सोय सर्वदूर गेली ती मे २०१०च्या अँड्रॉइड २.२ मुळे, म्हणजे फ्रोयोमुळे. यूएसबी टेदरिंग आणि वायफाय हॉटस्पॉट दोन्ही त्यात अंगचेच आले. अँड्रॉइडच्या पोटात लिनक्स असल्याने नॅटही होतं आणि यूएसबीवर दुसऱ्या उपकरणाचं रूप घ्यायची सोयही.

टेदरिंगचं बटण दाबल्यावर काय होतं ते जवळून बघण्यासारखं आहे. फोन क्षणभर यूएसबीवरून नाहीसा होतो आणि नवी ओळख घेऊन परत येतो. लॅपटॉपवर उपकरण निघाल्याचा आणि लागल्याचा आवाज येतो तो यामुळे. मग लॅपटॉप डीएचसीपीने, म्हणजे आपोआप पत्ता मिळवायच्या पद्धतीने, पत्ता मागतो. बरीच वर्षं अँड्रॉइड फोन केबलच्या बाजूला १९२.१६८.४२.१२९ हा ठरलेला पत्ता घेत असे आणि लॅपटॉपला त्याच मालिकेतला दुसरा देत असे. लॅपटॉपकडून पॅकेट आलं की फोन त्यावरचा पाठवणाऱ्याचा पत्ता आणि पोर्ट (पॅकेट कुठल्या प्रोग्रॅमचं ते सांगणारा आकडा) बदलतो, काय बदललं ते एका तक्त्यात टिपून ठेवतो आणि पॅकेट मोबाइल नेटवर्कवर सोडतो. उत्तर आलं की तक्ता बघून उलटं करतो. यूएसबीच्या नियमाने या जोडीत लॅपटॉप मालक आणि फोन त्याच्या हुकमातलं उपकरण आहे. इंटरनेटच्या बाजूने मात्र लॅपटॉप सर्वस्वी फोनवर अवलंबून.

कंपन्यांचा आक्षेप

मोडेमच्या दिवसांत कोण लॅपटॉप चालवतोय हे मोबाइल कंपनीला जोडणीच्या तऱ्हेवरून कळू शकायचं. फोन राउटर झाल्यावर बाहेरून एकच पत्ता दिसू लागला. अमर्याद डेटाचे प्लॅन लहान पडद्याच्या हिशोबाने आखलेले होते, आणि त्यातून लॅपटॉपची भूक भागवली जाऊ लागली. म्हणून बऱ्याच कंपन्यांनी टेदरिंगसाठी वेगळे पैसे मागायला सुरुवात केली.

लोकांनी वाटा शोधल्या. पाम या हातात मावणाऱ्या जुन्या उपकरणांच्या काळापासून चालत आलेलं पीडीएनेट हे फोनवरचं आणि संगणकावरचं सॉफ्टवेअर मिळून हे काम करायचं. २००८मध्ये अॅपलच्या अॅप स्टोअरवर नेटशेअर नावाचं अॅप आलं आणि थोड्याच दिवसांत काढून टाकलं गेलं. आयफोनला अधिकृत टेदरिंग मिळालं जून २००९च्या ३.० आवृत्तीत, यूएसबी आणि ब्लूटूथवरून. अमेरिकेत मात्र तिथल्या एटीअँडटीने ते आणखी वर्षभराने, जून २०१०मध्ये सुरू केलं. सोय फोनमध्ये बसवलेली असून वापरता येत नव्हती, हे मला या सगळ्या इतिहासातलं सर्वांत खटकणारं वाटतं.

टेदरिंग ओळखायची एक युक्ती फार साधी आहे. प्रत्येक आयपी पॅकेटवर टीटीएल नावाचा एक आकडा असतो आणि वाटेतला प्रत्येक राउटर तो एकाने कमी करतो. अँड्रॉइड फोन स्वतःचं पॅकेट ६४ लिहून पाठवतो. लिनक्स किंवा मॅक लॅपटॉपही ६४च लिहितो, पण ते पॅकेट फोनमधून जाताना ६३ होतं. विंडोज १२८पासून सुरू करतं, म्हणून बाहेर १२७ दिसतो. मजकूर उघडायची गरजच नाही. यावर उतारा म्हणून लोक लॅपटॉपवर ६५ लावून ठेवू लागले. याशिवाय काही कंपन्यांनी टेदरिंगसाठी वेगळा एपीएन ठेवला, आणि बटण दाबल्यावर आधी कंपनीकडे परवानगीची चौकशी करायची सोयही फोनांमध्ये आली.

शेवटी नियामक मध्ये पडले. अमेरिकेत ७०० मेगाहर्ट्झच्या 'सी ब्लॉक' लहरींचा २००८मध्ये लिलाव झाला तेव्हा अट होती की ग्राहकाला हवं ते उपकरण आणि हवं ते अॅप वापरू द्यावं लागेल. त्या लहरी घेतलेल्या व्हेरायझन कंपनीने टेदरिंगची अॅप ग्राहकांना मिळू नयेत असा प्रयत्न केल्याबद्दल चौकशी झाली आणि जुलै २०१२मध्ये कंपनीने १२.५ लाख डॉलर भरून ती मिटवली. युरोपीय संघाने २०१५च्या नियमावलीत ग्राहकाला आपल्या पसंतीचं उपकरण वापरायचा हक्क दिला. २ सप्टेंबर २०२१ला युरोपीय न्यायालयाने व्होडाफोनच्या जर्मनीतल्या एका योजनेबद्दल निकाल दिला. काही अॅपचा डेटा मोजायचा नाही, पण टेदरिंग केलं तर मोजायचा, अशी ती योजना होती. मुळात काही अॅपना अशी सूट देणंच नियमाविरुद्ध, म्हणून तिच्यावर बेतलेलं टेदरिंगचं बंधनही नियमाविरुद्ध, असं न्यायालयाने ठरवलं. हे निकाल महत्त्वाचे आहेत. विकत घेतलेला डेटा कुठल्या पडद्यावर वापरायचा हे घेणाऱ्याने ठरवावं, यात मला तरी दुसरी बाजू दिसत नाही.

आरएनडीआयएसचं ओझं

अँड्रॉइडने आरएनडीआयएस निवडलं कारण बहुतेक लॅपटॉप विंडोजचे होते. यूएसबीच्या मानकात इथरनेटसाठी ईसीएम नावाची खुली पद्धत होती, पण विंडोज ती ओळखत नव्हतं. मॅकला आरएनडीआयएस येत नव्हतं, म्हणून अँड्रॉइडवाल्या मॅक वापरणाऱ्यांना 'होआरएनडीआयएस' हा स्वयंसेवी ड्रायव्हर शोधून बसवावा लागे, आणि अॅपलने कर्नलमध्ये, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्यात, बसणाऱ्या बाहेरच्या ड्रायव्हरांवर बंधनं आणल्यावर तेही अवघड झालं. आयफोनची केबलवरची भाषा तर तिसरीच. लिनक्समध्ये तिच्यासाठी २०१०मध्ये स्वतंत्र ड्रायव्हर आला.

शिवाय आरएनडीआयएस जड आहे. प्रत्येक पॅकेटला ४४ बाइटचं शीर्षक लागतं. सुरक्षेच्या दृष्टीनेही ते कच्चं मानलं जातं, इतकं की २०२२मध्ये लिनक्सच्या कर्नलमधून ते बंदच करावं असा प्रस्ताव आला. तेवढ्याने असंख्य लोकांचं टेदरिंग थांबलं असतं. पर्याय म्हणजे यूएसबीच्याच मानकातलं एनसीएम, ज्यात अनेक पॅकेटं एकत्र बांधून पाठवता येतात. विंडोज ११मध्ये त्याचा ड्रायव्हर आहे, मॅकमध्ये आहे, आणि गुगलचे नवे पिक्सेल फोन तेच वापरतात.

इथरनेट कार्डाच्या या सोंगाचा एक त्रास आजही होतो. विंडोजला वाटतं ही पक्की तारेची जोडणी आहे, म्हणून ते निर्धास्तपणे अपडेट उतरवत बसतं. इथरनेट जोडणीलाही 'मीटर्ड', म्हणजे मोजून वापरायची, ठरवायचं बटण विंडोज १०मध्ये २०१७ साली आलं. केबल लावल्यावर ते आधी चालू करावं. अँड्रॉइड पत्ता देतानाच 'अँड्रॉइड मीटर्ड' अशी खूण सोबत पाठवतो आणि लिनक्सवरचा नेटवर्कमॅनेजर ती वाचतो.

वायफाय हॉटस्पॉट असूनही केबल टिकली, त्याला कारणं आहेत. फोनची बॅटरी उतरण्याऐवजी चार्ज होत राहते. गर्दीच्या जागी वायफाय लहरींचा गोंधळ होतो, तो टळतो. आणि नव्याने ऑपरेटिंग सिस्टिम टाकलेल्या लॅपटॉपला वायफायचा ड्रायव्हरच सापडत नाही, तेव्हा अँड्रॉइडची केबल बहुधा लगेच चालते. फोन वायफायवर असेल तर तेच वायफाय केबलने लॅपटॉपला देता येतं, हे अनेकांना माहीत नसतं. अडचण एकच, वेगाची. टाइप-सी पोर्ट असलेले पुष्कळ फोन आतून अजून यूएसबी २.०चेच आहेत. २०२३चा साधा आयफोन १५ही तसाच. त्याची कागदावरची कमाल ४८० एमबीपीएस आहे, आणि चांगलं फाइव्हजी ती सहज ओलांडतं.

आयपीव्ही६ या इंटरनेट पत्त्यांच्या नव्या पद्धतीने या मांडणीत आता आणखी फरक पडतो आहे. त्यात मोबाइल कंपनी फोनला एक पत्ता देऊन थांबत नाही, अख्खी पत्त्यांची मालिका देते. ती केबलपलीकडे कशी वाटायची हे २०१४मध्ये मानक-दस्तऐवजात लिहिलं गेलं. त्यामुळे लॅपटॉपला पुन्हा स्वतःचा खरा पत्ता मिळतो, फोनचाही शाबूत राहतो आणि मधल्या तक्त्याची गरज पडत नाही. टीटीएलच्या जागी तिथे 'हॉप लिमिट' आहे, आणि फोनमधून जाताना तोही एकाने कमी होतो.