वाहतूक नियोजन व वाहतूक अभियांत्रिकी

माणसे आणि माल यांच्या ये-जा करण्याच्या गरजेचा अंदाज घेऊन तिला पुरी पडेल अशी रस्ते, रेल्वे, बससेवा, पदपथ, बंदरे व विमानतळ यांची व्यवस्था ठरवणारी शाखा म्हणजे वाहतूक नियोजन. आणि ठरलेली व्यवस्था सुरक्षित, टिकाऊ व काटकसरीने आखण्याचे, बांधण्याचे व चालवण्याचे शास्त्र म्हणजे वाहतूक अभियांत्रिकी. पहिलीचा संबंध मुख्यतः माणसांच्या वागणुकीशी येतो, तर दुसरीचा वेग, वजन, घर्षण आणि जागा यांच्याशी. दोन्हींचा पाया मोजणी हाच असल्यामुळे काय मोजले आणि कोणत्या एककात मोजले, यावर पुढचे बरेचसे निर्णय ठरून जातात. प्रस्तुत नोंदीत रस्ते व शहरी वाहतूक यांवर भर दिला आहे.

प्रवास ही साधित गरज आहे. केवळ प्रवासासाठी प्रवास करणारे विरळा. बहुतेक जण नोकरी, शाळा, बाजार किंवा दवाखाना गाठण्यासाठी घराबाहेर पडतात. घरे कुठे आहेत आणि कामाची ठिकाणे कुठे, यातच वाहतुकीचे स्वरूप रस्ता आखण्यापूर्वी बरेचसे ठरलेले असते. मुंबई हे याचे ठळक उदाहरण होय. चिंचोळ्या, उत्तर-दक्षिण पसरलेल्या शहराच्या दक्षिण टोकाला गोदी, कचेऱ्या आणि घाऊक बाजार एकवटले, वस्ती मात्र उपनगरांकडे सरकत गेली. त्यामुळे सकाळी दक्षिणेकडे आणि संध्याकाळी उत्तरेकडे असा एकतर्फी लोंढा तयार झाला. ऐन गर्दीत लोकलच्या डब्यात दर चौरस मीटरला १४ ते १६ प्रवासी उभे असतात (रेल्वेच्या परिभाषेत ‘सुपर डेन्स क्रश लोड’) आणि तीच गाडी उलट फेरीला बरीच रिकामी धावते. अशी मागणी भागवणे महाग पडते, कारण क्षमता दोन्ही दिशांची उभारावी लागते आणि उपयोग एकाच दिशेचा होतो.

वास्तुरचनाकार चार्ल्स कोरिया व प्रवीणा मेहता आणि अभियंता शिरीष पटेल यांनी १९६५ मध्ये खाडीपलीकडे नवे शहर (आजची नवी मुंबई) वसवण्याची कल्पना मांडली, ती वरवर नगररचनेची असली तरी तिचा गाभा वाहतुकीचा होता: गाड्या वाढवत बसण्यापेक्षा कामाची ठिकाणेच हलवावीत. त्यासाठी १९७० मध्ये सिडको या सरकारी महामंडळाची स्थापना झाली. ठाणे खाडीवरचा रस्त्याचा पूल त्या दशकाच्या आरंभीच झाला, पण मानखुर्दहून वाशीला लोकल पोचायला १९९२ साल उजाडले. नव्या शहराची घडी बसायला जो वेळ लागला, त्यातला काही वाटा या अंतराला द्यावा लागेल. सार्वजनिक वाहतूक वस्तीच्या आधी किंवा निदान बरोबरीने यावी, हे तत्त्व पाठ्यपुस्तकांत फार जुने आहे. खर्चाच्या अंदाजपत्रकात मात्र ते नेहमी मागच्या पानावर जाते.

मागणीचा अंदाज : प्रवासाच्या मागणीचा पद्धतशीर अंदाज घेण्याची रीत १९५० च्या दशकात अमेरिकेत, विशेषतः डेट्रॉइट आणि शिकागो या महानगरांच्या अभ्यासांत घडली. १९६२ च्या अमेरिकी कायद्याने ५०,००० हून अधिक लोकसंख्येच्या नागरी क्षेत्रांत केंद्राचा महामार्ग निधी मिळण्यासाठी असे नियोजन सक्तीचे केले. या रीतीला चार टप्प्यांचे प्रतिमान म्हणतात. शहराचे लहान लहान झोन पाडतात. घरोघरी सर्वेक्षण करून कुटुंबाचा आकार, उत्पन्न, वाहने व नोकऱ्यांची संख्या यांवरून प्रत्येक झोनमधून किती फेऱ्या निघतील व किती तेथे येतील, हे प्रथम काढतात. मग कोणत्या झोनमधून कोणत्या झोनमध्ये किती जण जातील याची वाटणी होते. त्यासाठी बहुधा गुरुत्वाकर्षणाच्या नियमाच्या धर्तीवरचे सूत्र वापरतात, ज्यात दोन झोन जितके मोठे तितकी फेऱ्यांची ओढ जास्त आणि त्यांच्यामधला वेळ व खर्च जितका अधिक तितकी ती कमी धरली जाते. तिसऱ्या टप्प्यात या फेऱ्या बस, रेल्वे, मोटार, दुचाकी अशा साधनांत विभागल्या जातात आणि चौथ्यात त्या प्रत्यक्ष रस्त्यांवर व मार्गांवर टाकल्या जातात.

तिसरा टप्पा सर्वांत नाजूक असतो, कारण माणूस साधन कसे निवडतो हे तिथे सांगावे लागते. डॅनियल मॅकफॅडन या अमेरिकी अर्थशास्त्रज्ञाने यासाठी व्यक्तीच्या निवडीवर आधारित सांख्यिकी पद्धत विकसित केली. सॅन फ्रान्सिस्को परिसरातील ‘बार्ट’ रेल्वे १९७२ मध्ये सुरू होण्यापूर्वी तिच्या वाट्याला १५ टक्के प्रवास येईल असा अधिकृत अंदाज होता. मॅकफॅडन यांच्या गटाचा अंदाज ६.३ टक्के होता आणि प्रत्यक्षात ६.२ टक्के प्रवास आला. या क्षेत्रातील कामासाठी त्यांना २००० साली अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक विभागून मिळाले. पद्धत इतकी हाताशी असूनही भारतातील अनेक मेट्रो प्रकल्पांच्या अहवालांतले प्रवासीसंख्येचे आकडे प्रत्यक्षापेक्षा बरेच फुगलेले निघाले आहेत. दोष गणिताचा कमी आणि त्यात भरलेल्या गृहीतकांचा अधिक, असे म्हणणे वावगे ठरणार नाही.

चौथ्या टप्प्याचा सैद्धांतिक आधार जॉन वॉर्डरॉप या ब्रिटिश अभ्यासकाने १९५२ मध्ये दिला. प्रत्येक चालक स्वतःचा वेळ वाचवणारा रस्ता शोधतो आणि अखेर अशी स्थिती येते, की वापरात असलेल्या सर्व रस्त्यांनी सारखाच वेळ लागतो. एकट्याने रस्ता बदलून कोणाचाच फायदा होत नाही. मात्र ही स्थिती सर्वांच्या एकूण वेळेची किमान बेरीज असतेच असे नाही. डीट्रिश ब्रेस या जर्मन गणितज्ञाने १९६८ मध्ये दाखवले, की जाळ्यात एखादा नवा रस्ता जोडल्यामुळे सर्वांचाच प्रवास लांबू शकतो. त्याआधी १९६२ मध्ये अँथनी डाउन्स या अमेरिकी अर्थशास्त्रज्ञाने शहरी द्रुतगती मार्गांबद्दल लिहिले होते, की नव्या रस्त्यावर गर्दीच्या वेळची कोंडी पुन्हा भरून येते. आडमार्गाने, आडवेळी किंवा रेल्वेने जाणारे तिकडे वळतात. मागणी ही आभाळातून पडलेली दिलेली राशी नसून रस्ता बांधण्याच्या निर्णयानेच ती बदलते, ही गोष्ट चार टप्प्यांच्या सरळ क्रमात सहज निसटते.

याहून मोठी उणीव चालण्याविषयीची आहे. मोटारींच्या देशात तयार झालेल्या या पद्धतीत झोनच्या आतल्या लहान फेऱ्या जवळपास दिसतच नाहीत. मुंबई महानगर प्रदेशासाठी २००८ च्या सुमारास पूर्ण झालेल्या सर्वंकष वाहतूक अभ्यासात पायी फेऱ्यांची गणती केली, तेव्हा त्या एकूण फेऱ्यांच्या निम्म्याच्या आसपास निघाल्या. भारताच्या २००६ च्या राष्ट्रीय नागरी वाहतूक धोरणाने वाहनांऐवजी माणसे हलवण्याचे उद्दिष्ट स्वीकारले. तरीही शहरांतील रस्तारुंदीकरणाचे प्रस्ताव आजही प्रामुख्याने वाहनांच्या मोजणीवर उभे असतात.

वाहतूक प्रवाह : रस्त्यावरून ताशी जाणारी वाहने (प्रवाह) म्हणजे दर किलोमीटरमधील वाहने (घनता) गुणिले त्यांचा सरासरी वेग, हे या शास्त्राचे मूळ समीकरण आहे. ब्रूस ग्रीनशील्ड्स यांनी १९३० च्या दशकात ओहायोतील रस्त्यांची छायाचित्रे घेऊन घनता वाढते तसतसा वेग एकसारखा घटतो असे मांडले. त्यांच्या सरळ रेषेतून असे निघते, की सर्वाधिक वाहने मोकळ्या रस्त्यावरील वेगाच्या निम्म्या वेगाला पार होतात. त्यापुढे गर्दी वाढली की वेग आणि प्रवाह दोन्ही कोसळतात. दोन वाहनांत दोन सेकंदांचे अंतर धरले, तर एका मार्गिकेतून तासाला १,८०० वाहनेच जाऊ शकतात. कोंडी एकदा जमली की ती सुटायला जमण्यापेक्षा जास्त वेळ का लागतो, याचे उत्तरही या संबंधात आहे.

भारतीय रस्त्यावर मार्गिका पाळली जात नाही आणि एकाच रस्त्यावर ट्रक, रिक्षा, दुचाकी, सायकल व बैलगाडी चालतात, म्हणून सर्वांना एका मापात आणण्यासाठी ‘प्रवासी कार एकक’ म्हणजेच पीसीयू वापरतात. रस्त्यांची मानके ठरवणाऱ्या इंडियन रोड्स काँग्रेस या संस्थेच्या खुल्या रस्त्यांसाठीच्या कोष्टकात मोटारीला १, दुचाकीला ०.५, बस किंवा ट्रकला ३ आणि मोठ्या बैलगाडीला ८ असे गुण आहेत. हे माप रस्त्यावर अडवलेल्या जागेचे व अडथळ्याचे आहे, वाहून नेलेल्या माणसांचे नव्हे. साठ प्रवाशांची बस त्यात तीन मोटारींइतकीच भरते आणि पादचाऱ्याला तर गुणच नाही. अमेरिकेच्या १९६५ च्या महामार्ग क्षमता पुस्तिकेने आणलेली सेवापातळीची (वाहतूक किती सुरळीत चालते याची) सहा श्रेणींची मोजपट्टीही मूलतः वाहनचालकाला होणारा त्रास मोजते. एकक निवडतानाच पदपथाची रुंदी काही प्रमाणात ठरून गेलेली असते, ती अशी.

चौकातील सिग्नलचे गणित याच जातीचे आहे. एफ. व्ही. वेबस्टर यांच्या १९५८ च्या सूत्रानुसार सिग्नलचे संपूर्ण आवर्तन किती सेकंदांचे असावे हे पाहण्यासाठी दिवा बदलताना वाया जाणाऱ्या वेळेची दीडपट अधिक ५ या संख्येला, एकातून चौकावरील भाराचे गुणोत्तर (येणारी वाहने भागिले हिरवा दिवा सतत असता तर पार होऊ शकणारी वाहने) वजा करून येणाऱ्या बाकीने भागतात. वाया जाणारा वेळ १२ सेकंद आणि भार ०.७५ असल्यास आवर्तन ९२ सेकंदांचे येते, भार ०.९ झाला की तेच २३० सेकंदांवर जाते. इतका वेळ पादचारी थांबत नाही, मिळेल त्या फटीतून धावतो. म्हणून व्यवहारात आवर्तनाला वरची मर्यादा घालतात आणि भार उतरवण्याचे अन्य उपाय शोधतात.

रस्त्याची आखणी व बांधणी : रस्त्याची वळणे, चढ व दृश्यता ठरवताना सुरुवात संकल्पित वेगापासून, म्हणजे ज्या वेगासाठी रस्ता आखायचा त्यापासून, होते. समोर अडथळा दिसून ब्रेक लावेपर्यंत चालकाला २.५ सेकंद लागतात असे भारतीय मानकात धरतात. ताशी ८० किलोमीटर वेगाने तेवढ्यात वाहन सुमारे ५५ मीटर पुढे जाते, आणि घर्षणगुणक ०.३५ मानल्यास थांबेपर्यंत आणखी ७२ मीटर लागतात. घाटाच्या वळणावर झाडी वा कडा इतक्या अंतरापर्यंतचे दृश्य झाकत असेल, तर वेग कमी करण्याचा फलक हा दुय्यम उपाय ठरतो. वळणावर रस्त्याची बाहेरची कड उचलून घेतात. सपाट प्रदेशात हा उतार ७ टक्क्यांपर्यंत ठेवतात आणि त्यावर ताशी ८० किलोमीटरसाठी वळणाची त्रिज्या निदान २३० मीटर लागते.

रस्त्याचे थर किती जाड असावेत हे खालच्या मातीची ताकद आणि वरून जाणाऱ्या आसांचे (चाके जोडणाऱ्या दांड्यांचे) वजन यांवर ठरते. इलिनॉयमध्ये १९५८ ते १९६० या काळात झालेल्या ‘आशो’ (अमेरिकी राज्यांच्या महामार्ग अधिकाऱ्यांची संघटना) रस्ता चाचणीतून असे आढळले, की रस्त्याची हानी आसावरील वजनाच्या साधारण चौथ्या घाताने वाढते. आसावरचे वजन दुप्पट झाले की झीज सुमारे सोळापट होते. गळीत हंगामात क्षमतेपलीकडे ऊस भरलेल्या गाड्या ज्या रस्त्यांवरून जातात, त्यांची दशा या नियमाने समजते. दख्खनच्या काळ्या मातीत भर पडते ती तिच्या पावसात फुगण्याची व उन्हाळ्यात भेगाळण्याची. म्हणून डांबराच्या दर्जाइतकेच, किंबहुना अधिक, महत्त्व पाण्याच्या निचऱ्याला आणि खालच्या मुरुमाच्या थराला आहे.

भारतातील वाटचाल : बॅरिस्टर मुकुंदराव जयकर यांच्या अध्यक्षतेखाली १९२७ मध्ये नेमलेल्या समितीने रस्ते हा केवळ स्थानिक संस्थांचा विषय नसून राष्ट्रीय हिताचा आहे असा निर्वाळा दिला. तिच्या शिफारशींतून पेट्रोलवरील जादा कराचा केंद्रीय रस्ता निधी (१९२९), इंडियन रोड्स काँग्रेस (१९३४) आणि पुढे दिल्लीची केंद्रीय रस्ता संशोधन संस्था (१९५२) उभी राहिली. प्रांतोप्रांतीच्या मुख्य अभियंत्यांच्या १९४३ च्या नागपूर परिषदेने राष्ट्रीय महामार्ग, राज्य महामार्ग, जिल्हा मार्ग व ग्रामीण मार्ग ही वर्गवारी पक्की केली आणि दर १०० चौरस किलोमीटरला १६ किलोमीटर रस्ते असे लक्ष्य ठेवले. देशभरच्या रस्त्यांसाठीच्या १९६१ च्या ‘मुंबई योजने’ने ते ३२ केले. मुंबईसाठी १९६० च्या दशकात विल्बर स्मिथ या अमेरिकी सल्लागार संस्थेने सुचवलेल्या किनारी द्रुतगती मार्गांच्या कल्पनेतूनच पुढे २००९ मध्ये खुला झालेला वांद्रे-वरळी सागरी सेतू आला.

सुरक्षा : स्वीडनने १९९७ मध्ये असे धोरण स्वीकारले, की चालकाची चूक होणारच हे धरून रस्ता असा असावा, की त्या चुकीची किंमत जिवाने मोजावी लागू नये. भारतात २०२२ मध्ये रस्ते अपघातांत १,६८,४९१ जण मृत्युमुखी पडले. त्यांत सुमारे ४४ टक्के दुचाकीवरील आणि १९ टक्क्यांहून अधिक पादचारी होते. यामुळे अलीकडे अपघातप्रवण ठिकाणे शोधून तेथील आखणी बदलणे, आराखड्याच्या टप्प्यातच सुरक्षा लेखापरीक्षण करणे, उंचावलेली पादचारी पट्टी व चौकातील वळणाची त्रिज्या लहान ठेवून वेग आपोआप उतरवणे, या कामांना रस्तारुंदीकरणापासून वेगळे आणि स्वतंत्र अभियांत्रिकी महत्त्व मिळू लागले आहे.