बर्फ संपला की चाक खाली

कॅनडाच्या क्वेबेक प्रांतात स्नोमोबाइलसाठी, म्हणजे बर्फावर चालणाऱ्या गाडीसाठी, आखलेल्या हिवाळी वाटांचं जाळं 30 हजार किलोमीटरपेक्षा मोठं आहे. जंगलातून, शेतांवरून, गोठलेल्या तळ्यांवरून या वाटा जातात. पण कुठे ना कुठे डांबरी रस्ता आडवा येतोच. शिवाय पेट्रोल भरायला, जेवायला किंवा मुक्कामाला गावात शिरायचं, तर दोन-चारशे मीटर रस्त्यावरूनच जावं लागतं. तो रस्ता सकाळीच झाडून साफ केलेला असतो. खाली काळं डांबर, वर मिठाचे खडे, आणि बर्फ म्हणाल तर फक्त कडेच्या ढिगांत.

अशा ठिकाणी रात्री एखादी स्नोमोबाइल रस्त्यावर चढली, की पुढच्या स्कीखालून, म्हणजे चाकाच्या जागी असलेल्या घसरत्या लांब पट्टीखालून, ठिणग्यांची रेघ निघते. पाटीवर खिळा ओढावा तसा अंगावर काटा आणणारा आवाज होतो. चालक हँडल डावीकडे वळवतो, दोन्ही स्की डावीकडे तोंड करतात आणि गाडी मात्र सरळच जात राहते. शेवटी तो खाली उतरतो आणि गाडीचं नाक हाताने उचलून फिरवतो. ज्यांना हे रोज करायचं नसतं, ते स्कीला छोटी चाकं बसवून घेतात. रस्ता आला की चाक खाली, बर्फ आला की चाक वर. गोष्ट एवढीशीच आहे, पण चाक का लागतं हे नीट पाहिलं, की बर्फ या गाडीसाठी किती कामं फुकट करत होता ते लक्षात येतं. बर्फ हा तिचा नुसता रस्ता नाही, तो तिच्या यंत्राचाच एक भाग आहे.

गुलमर्गला किंवा मनालीजवळच्या सोलांगला जाऊन आलेल्यांनी ही गाडी पाहिलेली असते. तिथे तिला स्नो स्कूटर किंवा स्नो बाइक म्हणतात. पुढे दोन स्की, मागे रबराचा एक रुंद, अखंड पट्टा. इंजिन हा पट्टा फिरवतं, पट्टा बर्फाला मागे ढकलतो आणि गाडी पुढे जाते. स्कींना इंजिनाची ताकद मिळत नाही. त्यांचं काम पुढचं वजन पेलणं आणि दिशा देणं. आजच्या बहुतेक स्की प्लास्टिकच्या असतात. प्रत्येक स्कीच्या तळाला मधोमध एक उंचवटा असतो आणि त्याच्या खाली बोटाएवढ्या जाडीचा पोलादी दांडा लावलेला असतो. या दांड्यात टंगस्टन कार्बाइडच्या धारदार पट्ट्या बसवलेल्या असतात. कडक बर्फात रुतून बसायला हे लागतं. कार्बाइड डांबरातल्या खडीपेक्षाही कठीण असतं.

मऊ बर्फावर गाडीचा भार स्कीच्या अख्ख्या तळव्यावर पसरतो. डांबरावर मात्र तोच भार त्या अरुंद दांड्यावर येऊन टेकतो. सगळी कुरबुर इथून सुरू होते.

आता घरातलं लोखंडी कपाट सरकवण्याचा प्रसंग आठवा. तुम्ही ते भिंतीच्या दिशेने ढकलताय. कपाटाचं तोंड थोडं डावीकडे असो की उजवीकडे, ते जातं तुम्ही ढकलता तिकडेच. तोंड वळवलं म्हणून कपाट वळत नाही. कारण घसरणाऱ्या वस्तूवरचं घर्षण नेहमी तिच्या गतीच्या नेमकं उलट दिशेने काम करतं. वस्तूचं तोंड कुठे आहे, याच्याशी त्याला देणंघेणं नसतं. डांबरावरची स्की म्हणजे हेच कपाट. हँडल कितीही फिरवा, घर्षण तिला फक्त मागे ओढतं, बाजूला ढकलत नाही. आणि बाजूला ढकलणारं बल नसेल तर वळण नाही.

बर्फावर असं होत नाही, कारण तिथे स्की नुसती घसरत नसते, ती चर पाडत असते. पुढच्या दिशेने ती त्या चरातून सहज सरकते. आडवं जायचं म्हटलं तर चराची भिंत अडवते. स्की तिरकी केली की ती भिंत तिला बाजूला ढकलते आणि गाडी वळते. एका दिशेने सोपं, दुसऱ्या दिशेने अवघड, हा भेदभाव म्हणजेच स्टिअरिंग. कुठलंही दिशा देणारं साधन घ्या, होडीचं सुकाणू असो की सायकलचं पुढचं चाक, मुळाशी हाच भेदभाव सापडेल. चाक पुढे लीलया गडगडतं, पण आडवं सरकायला नकार देतं. डांबर स्कीकडून जे काढून घेतं, ते चाक परत आणून देतं. चाक आलं की घर्षण कमी होतं, हे सगळेच सांगतात. माझ्या मते त्याहून मोठा फायदा वळणाचा आहे, आणि त्याबद्दल फारसं कुणी बोलत नाही.

अर्थात घर्षणही काही लहानसहान नाही. एक अदमासाचा हिशेब मांडू. समजा, दोन्ही स्कींवर मिळून 100 किलो भार आहे. घर्षणगुणांक बर्फावर 0.05 धरला, तर स्की ओढायला 5 किलोचा जोर पुरतो. डांबरावर पोलाद आणि कार्बाइड घासताना तो 0.4 धरला, तर तोच जोर 40 किलोवर जातो. लहान रबरी चाकाला 3-4 किलो पुरावेत. आता हा 40 किलोचा विरोध मोडत गाडी ताशी 20 किलोमीटरने गेली, तर दर सेकंदाला साधारण 2,200 जूल उष्णता तयार होते. म्हणजे न्हाणीघरातल्या 2 किलोवॅटच्या गीझरपेक्षा जास्त. ती वाटून घेणार कोण, तर दोन दांड्यांच्या खालच्या चिंचोळ्या पट्ट्या आणि त्यांच्याखालचा रस्ता. पोलादाचे कण तापून सुटतात, त्याच त्या ठिणग्या. कार्बाइड तापून, खडीवर आपटून टवके उडवतं. हंगामभर टिकणारी धार अशा थोड्याशा प्रवासात बोथट होते, आणि बोथट कार्बाइड घेऊन पुन्हा बर्फावर गेलं की वळणावर गाडी सरळ पळायला बघते. रस्त्यावर झालेलं नुकसान असं वाटेवर जाऊन भोवतं.

बर्फावरचं घर्षण इतकं कमी कसं, हाही प्रश्न मोठा गोड आहे. दाबामुळे बर्फ वितळतो आणि त्या पाण्यावरून स्की घसरते, असं अनेकांनी शाळेत ऐकलेलं असतं. पण बर्फाचा वितळणबिंदू नुसता 1 अंशाने खाली आणायला वातावरणाच्या सुमारे 130 पट दाब लागतो. उणे 10 अंशांवर माणसाच्या वजनाने ते व्हायचं नाही. 1939 साली बोडन आणि ह्यूज या शास्त्रज्ञांनी आल्प्समधल्या युंगफ्राउयोखच्या संशोधन केंद्रात प्रयोग करून दाखवलं, की मुख्य कर्ती घासण्यातून येणारी उष्णता आहे. स्की घासते, किंचित तापते, बर्फाचा अतिशय पातळ थर ओला होतो आणि तेच वंगण होतं. म्हणजे स्की आपलं तेल वाटेतच गाळते, आणि कच्चा माल पुरवतो बर्फ. डांबरावर हीच घासण्याची उष्णता तयार होते, पण वितळायला काही नसल्यामुळे ती धातूलाच खाते.

आता चाकाच्या यंत्रणेकडे वळू. चाक कायमचं खाली ठेवलं असतं तर काम सोपं होतं, पण मऊ बर्फात ते नांगरासारखं रुततं आणि स्कीला वर उचलून तिची पकड घालवतं. म्हणून ते घडीचं हवं. क्वेबेकमधली किंपेक्स ही कंपनी ‘रूस्की’ नावाने अशी जोडणी विकते. फ्रेंचमध्ये ‘रू’ म्हणजे चाक. अशा जोडण्यांमागची कल्पना आपल्या ओळखीची आहे. मोटरसायकलचा डबल स्टँड आठवा. गाडी त्यावर चढवताना मधला बिंदू ओलांडेपर्यंत दम लागतो, पण एकदा ओलांडला की गाडीचं वजनच स्टँडला जागेवर दाबून धरतं. साइड स्टँडच्या स्प्रिंगचीही तीच तऱ्हा. मध्याच्या अलीकडे ती स्टँड वर खेचते, पलीकडे गेलं की खाली. स्कीच्या चाकाचा आखूड हातही असाच मध्य ओलांडून बसवता येतो. मग वेगळ्या कुलपाची गरज फार उरत नाही, ज्या वजनाची अडचण होती तेच वजन कुलूप लावतं. खाली आल्यावर चाकाने दांडा जमिनीपासून थोडासा उचलला की पुरे. जास्त उचललं तर गाडीचं नाक वर जातं आणि तोल बिघडतो.

बर्फाळ मुलुखात विमानांनाही हाच पेच पडतो, आणि त्याचं उत्तर नेमकं उलटं काढलं आहे. ध्रुवीय भागात उतरणाऱ्या एलसी-130 हर्क्युलिस विमानाला स्की असतात आणि त्यांना मधोमध खाच असते. धावपट्टी पक्की असेल तर स्की वर घेतात आणि खाचेतून चाक जमिनीला टेकतं. बर्फावर उतरायचं असेल तर स्की खाली करतात. तिथे स्की हलते, इथे चाक हलतं. विमानाचा पहिला संसार धावपट्टीशी आहे, स्नोमोबाइलचा बर्फाशी. ज्याच्याशी रोजची गाठ ते जागेवर, पाहुणा तेवढा घडीचा.

मात्र पुढे चाक लावलं म्हणजे गाडी रस्त्यालायक झाली, असं समजू नये. मागच्या पट्ट्याचा प्रश्न तसाच राहतो. हा पट्टा आतून दोन लांब रुळांवर टेकून फिरतो आणि त्या रुळांच्या तळाला प्लास्टिकच्या घसरपट्ट्या असतात. तिकडे त्यांना हायफॅक्स म्हणतात. पट्ट्यावरच्या धातूच्या क्लिपा या प्लास्टिकवर अखंड घासत असतात. मध्ये उडणारा बर्फ त्यांना ओलं आणि गार ठेवतो. कोरड्या रस्त्यावर हा पुरवठा थांबतो. हे प्लास्टिक 130 अंश सेल्सिअसच्या पुढे वितळायला लागतं. आधी जळका वास येतो, मग वितळलेलं प्लास्टिक क्लिपांना चिकटतं आणि थांबून गार झालं की पट्टा जागच्या जागी आवळला जातो. रुळांना जास्तीची छोटी चाकं लावली तर हा भार काहीसा हलका होतो.

इंजिनाचंही तसंच आहे. पाण्याने गार होणाऱ्या बहुतेक स्नोमोबाइलला मोटारीसारखा समोर मोठा रेडिएटर नसतो. पट्ट्यावरच्या बोगद्यासारख्या छताला आतून इंजिनाची उष्णता बाहेर सोडणारे उष्णता-विनिमयक बसवलेले असतात आणि पट्ट्याने उडवलेला बर्फ त्यांच्यावर आदळून वितळतो. 1 किलो बर्फ वितळताना 334 किलोजूल उष्णता पितो. समजा इंजिनाला 20 किलोवॅट उष्णता बाहेर टाकायची आहे, तर मिनिटाला साडेतीन किलोच्या आसपास बर्फ वितळायला हवा. रस्त्यावर हा आकडा शून्य होतो आणि तापमानाचा काटा चढू लागतो. म्हणून चाकं असोत वा नसोत, रस्त्यावरचा प्रवास मिनिटांत मोजायचा, तासांत नाही. पंख्याने गार होणारी जुनी इंजिनं याबाबतीत जास्त सोशिक.

ब्रेकचं मला जरा ठासून सांगावंसं वाटतं. स्नोमोबाइलचा ब्रेक फक्त पट्ट्याला असतो, स्कीला नाही. घासणारी स्की निदान थोडा विरोध तरी करत होती, चाक आलं की तोही गेला. ब्रेक दाबल्यावर गाडीचा भार पुढे झुकतो आणि पट्ट्यावरचा कमी होतो, म्हणजे पकड नेमकी हवी तेव्हाच ढिली पडते. पट्ट्याला बर्फासाठी धातूचे खिळे, म्हणजे स्टड, ठोकलेले असतील तर डांबरावर रबर पुरतं टेकतच नाही. हे स्टड रस्ताही उकरतात. अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्यात डांबरी सार्वजनिक वाटांवर स्टड लावलेल्या पट्ट्यांना कायद्यानेच बंदी आहे, स्थानिक प्रशासनाने मुभा दिली तर गोष्ट वेगळी. पुढच्या चाकांनी कार्बाइडचे ओरखडे थांबतात, मागच्या खिळ्यांचे नाहीत. गाडी वळायला लागली म्हणून ती थांबेलही, हा भरवसा धरू नका. चाकं खाली असताना चालण्याच्या वेगापेक्षा थोडंच जास्त, हेच बरं.

या सगळ्यामागे एक इतिहास आहे आणि तो मनाला लागून राहतो. 1934 च्या हिवाळ्यात क्वेबेकमधल्या व्हॅलकोर्ट गावी जोसेफ-आर्मां बोंबार्दिए यांचा लहान मुलगा पोटात पू होऊन दगावला. बर्फाने रस्ते बुजले होते आणि इस्पितळ गाठता आलं नाही. बोंबार्दिए मेकॅनिक होते, बर्फावर चालणाऱ्या गाडीची धडपड त्यांची आधीपासूनच चालू होती. 1937 साली त्यांना दातेरी चक्र आणि पट्ट्याच्या रचनेचं पेटंट मिळालं. त्यातून सात माणसांची बी-7 आणि पुढे बारा माणसांची बी-12 या बंद गाड्या आल्या. डॉक्टर, टपाल, शाळेची मुलं यांची हिवाळ्यात ने-आण त्या करू लागल्या. बर्फ नसताना बी-12 च्या पुढच्या स्की काढून तिथे चाकं लावता येत. म्हणजे स्कीच्या जागी चाक ही गरज या गाड्यांच्या जन्मापासूनची आहे.

मग 1948 साली क्वेबेक सरकारने रस्त्यांवरचा बर्फ हटवणं बंधनकारक केलं. गावकऱ्यांची मोठीच सोय झाली, पण बोंबार्दिए यांच्या गाड्यांचा खप कोसळला. रस्ते मोकळे झाल्यावर त्यांना नवी वाट शोधावी लागली. 1959 साली त्यांनी एक-दोन माणसांची हलकी, उघडी स्की-डू बाजारात आणली, आणि आजची स्नोमोबाइल तिच्याच वळणावर घडली आहे. जे यंत्र रस्ता बर्फाखाली गाडला जातो म्हणून जन्माला आलं, त्याला आज स्वच्छ केलेला रस्ताच आडवा येतो.

रस्ता ओलांडून पलीकडे गेल्यावर एक काम उरतं. चाकं वर घेण्याआधी त्यांच्या हाताच्या सांध्यात बसलेला ओला बर्फ बुटाने झाडून टाकायचा. रस्त्यावरच्या मिठाच्या पाण्यात तो कालवला गेलेला असतो आणि वाटेवरच्या थंडीत बघता बघता दगड होतो. सांधा गोठला की चाक अर्धवट लटकत राहतं, ना धड वर, ना धड खाली, आणि पुढच्या वळणावर एकच स्की चर धरते. दोन्ही चाकं वर जाऊन घट्ट बसली आहेत, हे हाताने हलवून पाहायचं आणि मगच थ्रॉटल दाबायचं.