'हो' म्हणजे नक्की काय?

वाळूजच्या एका प्रेस शॉपमध्ये मी शिफ्ट बघायचो, तेव्हाची गोष्ट. नवी डाय, म्हणजे पत्र्याला आकार देणारा साचा, चढवली होती. जपानहून आलेल्या सल्लागारांनी पत्रा धरणाऱ्या रिंगवर दाब किती ठेवायचा ते दाखवलं. दाब जास्त झाला की पत्रा फाटतो, कमी पडला की चुण्या येतात. दुभाष्यानं शेवटी विचारलं, "समझ गये?" गंगाखेडच्या पोरानं मान डोलावली, ओडिशाचा ऑपरेटर "हाँ सर" म्हणाला, शहागंजचा फिटर "हौ". तासाभरात पत्रे टराटरा फाटायला लागले.

गंमत म्हणजे सल्लागारही तसेच. आम्ही काही सांगितलं की ते "हाय" म्हणत. आम्हाला वाटे, पटलं. जपानीत त्याचा अर्थ बऱ्याचदा एवढाच, की 'ऐकतोय'. आमच्याकडचं 'हाय' वेगळं!

डच सामाजिक मानसशास्त्रज्ञ खेर्ट हॉफस्टेड यांनी 1967 ते 1973 या काळात आयबीएमच्या देशोदेशीच्या कर्मचाऱ्यांकडून भरून घेतलेल्या लाखाहून अधिक प्रश्नावल्या अभ्यासल्या. साहेब आणि हाताखालचा माणूस यांच्यातलं अंतर लोक किती मुकाट मान्य करतात, याचा त्यांनी आकडा काढला. भारत 77, जपान 54, जर्मनी 35, ऑस्ट्रिया 11. हे आकडे एकाच कंपनीतल्या लोकांचे आणि देशाची सरासरी सांगणारे. त्यावरून समोरच्या माणसाची कुंडली मांडू नये. गंगाखेड आणि मुंबई या आकड्यात एकच ठरतात, तिथेच काय ते कळतं.

हे अंतर जिवावरही बेततं. जानेवारी 1990 मध्ये कोलंबियाहून न्यूयॉर्कला निघालेलं आव्हियांकाचं विमान इंधन संपून कोसळलं आणि 73 जण गेले. इंधन संपत आल्याचं सहवैमानिकानं नियंत्रकांना सांगितलं होतं, पण 'आणीबाणी' हा शब्द काही त्याच्या तोंडून निघाला नाही. चौकशीत हाच मुद्दा पुढे आला.

हार्वर्डच्या संशोधक एमी एडमंडसन यांना रुग्णालयांच्या अभ्यासात तर उलटंच दिसलं. ज्या वॉर्डांत एकोपा चांगला, तिथे औषधांच्या चुकांची नोंद जास्त. चुका जास्त होत होत्या म्हणून नव्हे, तिथल्या नर्स त्या बोलून दाखवत होत्या म्हणून. पुढे 1999 मध्ये त्यांनी दाखवलं, की बोललं तर आपलं हसं होणार नाही, ही खात्री असलेली टीम जास्त शिकते.

मी मग "समजलं का?" विचारणं सोडलं. त्याचं उत्तर 'हो'च येतं. त्याऐवजी म्हणायचो, "आता तू मला शिकव." सगळ्यांत नव्या माणसानं आधी बोलायचं, मी शेवटी. पहिले आठ दिवस नुसती शांतता. मला वाटलं, फसलं. नवव्या दिवशी ओडिशाचा तो ऑपरेटर चहाच्या टपरीवर, ग्लासात बघत हळूच म्हणाला, "सर, वो प्रेशर का काँटा अटकता है."

"कबसे?"

"डाय लगी, तबसे."