ब्रॉयलर कोंबडी : घरगुती पैदास व संगोपन

मांसासाठी झपाट्याने वाढणाऱ्या कोंबडीला ब्रॉयलर म्हणतात. जेमतेम ४० ग्रॅमचे पिल्लू सहा आठवड्यांत दोन किलोंच्या पुढे जाते. गावठी कोंबडी त्या वयात मुठीएवढीच असते. कॉर्निश नर आणि व्हाइट प्लिमथ रॉक मादी यांच्या संकरातून हा पक्षी घडला. १९४८ साली अमेरिकेत ‘उद्याची कोंबडी’ निवडण्याची स्पर्धा झाली आणि कॉर्निशच्या संकराकडे साऱ्यांचे लक्ष गेले.

विकतची पिल्ले परसात वाढवणे फारसे अवघड नाही. जमिनीवर तुसाचा दोन-तीन इंच थर, वर बल्ब, पहिल्या आठवड्यात सुमारे ३५ अंश सेल्सियस ऊब. पुढे दर आठवड्याला ती दोन-तीन अंशांनी उतरवायची. थर्मामीटर नसला तरी अडत नाही. पिल्ले बल्बखाली एकमेकांवर चढली तर गारठली आहेत, कडेला सरकून चोची उघडून धापा टाकू लागली तर उकडते आहे, आणि सगळीकडे पसरून टिपत असली तर बरे चालले आहे. लासोटा व गंबोरो या लसी चुकवू नयेत. तूस ओले राहिले की अमोनियाचा वास नाकात चढतो, पिल्लांचे डोळे चुरचुरतात. तूस रोज खालीवर करावे लागते.

खरी अडचण पैदाशीत. बाजारातला ब्रॉयलर बहुधा चार वेगळ्या वाणांच्या संकरातून येतो. त्यातलेच नर-मादी ठेवून अंडी उबवली, तर पिल्ले एकसारखी निघत नाहीत: एक दांडगे, दुसरे रोड. शिवाय अंड्यावर येईपर्यंत, म्हणजे साधारण २४ आठवडे, हा पक्षी जगवावा लागतो. पोटभर खाऊ दिले तर तो चरबीने फुगतो, पाय अधू होतात, उन्हाळ्यात दुपारी पटकन दगावतो. म्हणून पैदाशीच्या पक्ष्यांना खाद्य मोजूनमापूनच देतात. खादाडपणासाठी निवडलेल्या जातीला अर्धपोटी ठेवणे हा या धंद्यातला विचित्र पेच आहे.

घरच्या पैदाशीला त्यापेक्षा कॉर्निशसारखा जड कोंबडा आणि मध्यम वजनाच्या, बऱ्यापैकी अंडी देणाऱ्या तलंगा (तरुण कोंबड्या) हा मेळ सोयीचा. वाढ सावकाश होते, पण पक्षी टिकतो. हैदराबादच्या कुक्कुट संशोधन संस्थेची वनराज आणि बंगळूरची गिरिराज या परसासाठीच तयार केलेल्या जाती. मात्र त्या सहसा खुडूक होत नाहीत, म्हणजे अंड्यांवर उबवायला बसत नाहीत. त्यांची अंडी गावठी कोंबडीखाली रवणीला ठेवतात. एका कोंबडीखाली दहा-बारा पुरेत. सातव्या रात्री अंडे बॅटरीच्या उजेडासमोर धरले की आत लाल शिरांचे जाळे दिसते. जे नितळ दिसते ते काढून टाकायचे. २१व्या दिवशी पिल्ले फुटतात.