साध्या गाडीचं इंजिन, स्पोर्ट्‌स कारची चाल

परवडणारी नवी स्पोर्ट्‌स कार आली की पोरं हटकून म्हणतात, “आतली बटणं तर साध्या गाडीचीच आहेत, मग पैसे कशाचे घेतात?” वाळूज एमआयडीसीत ज्यानं प्रेसशॉप (पत्रा दाबून पार्ट काढणारा कारखाना) पाहिलंय, तो असं बोलणार नाही. पत्र्याच्या एका पार्टसाठी पोलादाची डाय, म्हणजे साचा, घडवावी लागते, ट्रायल काढाव्या लागतात, सँपल पास करून घ्यावं लागतं. मग पाच हजार नग काढा नाहीतर पाच लाख, हा खर्च तेवढाच. स्पोर्ट्‌स कार खपते थोडी. म्हणून बिजागऱ्या, बटणं, काचेच्या मोटरी चालत्या मॉडेलमधून घेतात. त्यात फसवणूक कसली?

खरी अक्कल दिसते ती इंजिनात. फियाटनं 1972 मध्ये 128 या घरगुती गाडीचं इंजिन-गिअरबॉक्स एक्स1/9 मध्ये सीटच्या मागे बसवलं. टोयोटानं 1984 मध्ये कोरोलाच्या घराण्यातलं इंजिन घेऊन एमआर2 तशीच केली. पुढची चाकं ओढणाऱ्या गाडीत इंजिन, गिअरबॉक्स आणि चाकांकडे जाणारे शाफ्ट हा एकच जोड असतो. तो अख्खा उचलून मागच्या चाकांपुढे ठेवला की वजन गाडीच्या मध्याकडे सरकतं.

त्यानं काय होतं? गाडी वळवायला किती जोर लागणार, हे ठरतं मोमेंट ऑफ इनर्शियावर: वस्तुमान गुणिले अंतराचा वर्ग. समजा, 100 किलो गुरुत्वमध्यापासून 1.5 मीटरवर आहेत, उत्तर 225. तेच अर्ध्या मीटरवर आणले तर 25. वजन तेवढंच, वाटा नवव्या हिश्शावर! इंजिनाचा स्वतःच्या अक्षाभोवतीचा वाटा यात वेगळा मिळवायचा (समांतर अक्ष प्रमेय), बॉडीचाही धरायचा, त्यामुळे अख्ख्या गाडीचा आकडा इतका उतरत नाही. पण टायरच्या तेवढ्याच जोरावर नाक लवकर वळतं. कन्नडच्या घाटातल्या उलटसुलट वळणांवर हाच फरक हाताला कळेल. मात्र मागची बाजू घसरली तर गाडी गरकन फिरतेही तितक्याच लवकर.

‘स्पोर्ट’चा स्टिकर लावून हा आकडा हलत नाही, आणि चाकाखाली लिंबू चिरडून घसरणं थांबत नाही. त्यापेक्षा टायरची हवा तपासा.

उसना पार्ट कुठे बसवला, यावर सगळं आहे. 1984 च्याच अमेरिकन पाँटिॲक फिएरोत दुसऱ्या गाडीचं पुढचं सस्पेन्शन मागे बसवलं होतं. चाकं वळू नयेत म्हणून स्टिअरिंगचे टाय रॉड (चाकं वळवणारे दांडे) फ्रेमलाच जखडले होते. खास तिच्यासाठी आखलेलं सस्पेन्शन मिळालं 1988 मध्ये, आणि त्याच वर्षी उत्पादन बंद झालं.