टोल्युईनचे चार 'दोन'

टोल्युईन हे रंग, थिनर, शाई आणि चिकटवण्याच्या द्रव्यांमध्ये पिंपांनी खपणारं द्रावक. दिसायला पाण्यासारखं नितळ, वासाला काहीसं गोडसर. त्याचं सुरक्षा माहितीपत्रक, म्हणजे रसायनांत काम करणारे ज्याला नुसतं 'एसडीएस' म्हणतात ते, उघडलं की दुसऱ्या कलमात धोक्यांची यादी असते. युरोपीय संघाच्या अधिकृत वर्गवारीप्रमाणे ती अशी: ज्वालाग्राही द्रव, श्रेणी २. त्वचेचा दाह, श्रेणी २. प्रजननाला अपाय, श्रेणी २. वारंवार संपर्कातून अवयवांना अपाय, श्रेणी २. एकदाच्या संपर्कातून गुंगी, श्रेणी ३. आणि श्वासमार्गात द्रव शिरण्याचा धोका, श्रेणी १.

चार वेळा 'दोन' आला. वाचणाऱ्याला सहज वाटतं की हे चारही धोके साधारण सारखेच, मधल्या दर्जाचे असतील. तसं मुळीच नाही. हे चार 'दोन' चार वेगळ्या पट्ट्यांवर मोजलेले आहेत, आणि त्यांतला एक तर धोका किती मोठा हे सांगतच नाही. ही गफलत मी रसायनशास्त्र शिकलेल्या माणसांकडूनही इतक्यांदा ऐकली आहे की एकदा ती नीट उलगडून लिहावीशी वाटली.

आधी ही यादी आली कुठून ते थोडक्यात. पूर्वी प्रत्येक देशाची धोका मोजायची रीत निराळी होती. तोंडावाटे घेतल्यास उंदरांपैकी निम्मे दगावतील अशी मात्रा, म्हणजे एलडी-५०, जर शरीराच्या दर किलोमागे २५७ मिलिग्रॅम असेल, तर तोच पदार्थ एका देशात 'विषारी', दुसऱ्यात 'अपायकारक' आणि तिसऱ्यात 'बिनविषारी' ठरायचा. पिंप एकच, पण बंदर बदललं की लेबल बदलायचं. १९९२ च्या रिओ वसुंधरा परिषदेत यावर एकच जागतिक पद्धत हवी असं ठरलं आणि २००३ मध्ये संयुक्त राष्ट्रांनी ती छापून काढली. तिचं नाव जीएचएस. जांभळ्या मुखपृष्ठामुळे तिला 'पर्पल बुक' म्हणतात. दर दोन वर्षांनी तिची सुधारित आवृत्ती निघते. भौतिक धोक्यांचे १७ वर्ग, आरोग्याच्या धोक्यांचे १०, पर्यावरणाचे २ असा तिचा पसारा आहे. प्रत्येक वर्गात श्रेणी असतात आणि १ ही सर्वांत गंभीर.

आता पहिला 'दोन', आगीचा. हा सरळ तापमानाचा आकडा आहे.

फ्लॅश पॉइंटची चाचणी एकदा डोळ्यांनी बघावी अशी असते. एक छोटं पितळी भांडं, त्यावर घट्ट झाकण, झाकणाला सरकती खिडकी. नमुना आधी शून्याच्याही खाली थंड करायचा आणि मग तापमान अगदी हळूहळू चढू द्यायचं. ठरलेल्या टप्प्यांवर खिडकी उघडते, वाटाण्याएवढी ज्योत क्षणभर आत डोकावते, खिडकी बंद होते. काही घडत नाही. पुन्हा ज्योत, पुन्हा काही नाही. टोल्युईनच्या बाबतीत पारा ४ अंश सेल्सिअसच्या आसपास आला की द्रवाच्या पृष्ठभागावरून एक निळसर लहर सर्रकन धावते आणि विझते. द्रव पेटत नाही. पेटते ती त्याच्यावर जमलेली वाफ, आणि तीही क्षणभर. तो फ्लॅश पॉइंट. झाकण लावून घ्यायची ही पद्धत फ्रेडरिक एबेल या रसायनशास्त्रज्ञाची. १८७९ च्या ब्रिटिश कायद्यानं रॉकेलसारख्या तेलांसाठी ती लागू केली आणि मर्यादा ठेवली ७३ अंश फॅरनहाइट, म्हणजे २२.८ सेल्सिअस. आजच्या जीएचएसमधली मुख्य रेषा २३ अंशांवर आहे.

फ्लॅश पॉइंट २३ अंशांच्या खाली आणि उकळबिंदू ३५ अंशांपर्यंत असेल तर श्रेणी १. ईथर तिथे बसतं. फ्लॅश पॉइंट २३ च्या खाली पण उकळबिंदू ३५ च्या वर असेल तर श्रेणी २. टोल्युईन ११०.६ अंशांना उकळतं, म्हणून ते श्रेणी २ मध्ये. २३ ते ६० श्रेणी ३, त्यापुढे ९३ पर्यंत श्रेणी ४. थोडक्यात, इथल्या 'दोन'चा अर्थ असा की नेहमीच्या हवामानात हा द्रव ठिणगीची वाट पाहतच बसलेला असतो.

त्यातही टोल्युईनची एक खोड आहे जी या आकड्यात दिसत नाही. त्याची वाफ हवेत साधारण १.१ ते ७.१ टक्के असली की पेट घेऊ शकते. त्याहून विरळ किंवा त्याहून दाट वाफ पेटत नाही. पेट्रोलच्या बंद टाकीत वाफ इतकी दाट असते की आतली हवा तिला जाळायला पुरत नाही. टोल्युईनच्या बंद पिंपात मात्र २० अंशांना वाफ सुमारे ३ टक्के भरते, म्हणजे बरोबर पेटण्याच्या पट्ट्यात. हिशोब मांडून पाहा: २०० लिटरच्या पिंपात ३ टक्के वाफ म्हणजे ६ लिटर, आणि ती तयार व्हायला जेमतेम २५ ते ३० मिलिलिटर द्रव पुरतो. 'रिकामं' म्हणून बाजूला लावलेल्या पिंपाच्या तळाशी तेवढं सहज उरतं. ते पिंप कापायला कुणी गॅस कटर लावला तर काय होईल हे सांगायला नको. आणि कटरचीही गरज नाही. ही वाफ पेटवायला सुमारे ०.२४ मिलिजूल ऊर्जा लागते. कोरड्या हवेत दाराची धातूची मूठ धरताना बोटाला जी चटकन ठिणगी जाणवते, तिच्यात याहून कितीतरी जास्त ऊर्जा असते. टोल्युईन विजेचा अतिशय मंद वाहक असल्यानं पाइपातून ओततानाच त्याच्यात स्थिर विद्युतभार साचतो. म्हणून पिंप आणि भांडं तारेनं जोडून जमिनीला जोडायचं असतं. वर्गवारी यातलं काही बोलत नाही. ते एसडीएसच्या पुढच्या कलमांत शोधावं लागतं.

दुसरा 'दोन' त्वचेचा, आणि इथे तो इजा भरून येते की नाही याचा आकडा आहे. श्रेणी १ म्हणजे कातडी कायमची जळणं, व्रण राहणं. श्रेणी २ म्हणजे लाली, सूज, दाह, पण भरून येणारा. पूर्वी हे सशांच्या पाठीवर तपासत. आता माणसाच्या त्वचापेशींपासून प्रयोगशाळेत वाढवलेला चिमुकला पापुद्रा वापरतात. त्यावर थेंबभर रसायन ठेवायचं, ठरल्या वेळानं धुवायचं, जवळजवळ दोन दिवस थांबायचं आणि मग एक पिवळा रंग घालायचा. जिवंत पेशी त्या पिवळ्याचं जांभळं करतात, मेलेल्या पेशींना ते जमत नाही. जांभळा रंग निरोगी पापुद्र्याच्या निम्म्यापर्यंतच उतरला तर रसायन दाहक. मला ही चाचणी फार आवडते. प्रश्न साधा, उत्तर रंगात, आणि प्राण्याला वेदना नाही.

तिसऱ्या 'दोन'वर मात्र थांबायलाच हवं. प्रजननाला अपाय, श्रेणी २. लेबलावरचं वाक्य असतं 'गर्भाला अपाय होत असल्याचा संशय'. संशय हा शब्द महत्त्वाचा. कर्करोग, आनुवंशिक बदल आणि प्रजनन या तीन वर्गांत श्रेणी ठरते ती पुराव्याच्या बळावर. माणसांमध्ये सिद्ध झालं असेल तर १ए, प्राण्यांवरच्या भक्कम पुराव्यावरून माणसालाही लागू धरलं असेल तर १बी, पुरावा आहे पण तेवढा पक्का नाही तर २. धोका किती तीव्र, किती थोड्या मात्रेत घडतो, याचा त्या आकड्याशी संबंध नाही. श्रेणी २ मधलं रसायन उद्या नवा अभ्यास झाला की १बी होऊ शकतं. त्या दिवशी रसायन बदललेलं नसतं, आपलं ज्ञान बदललेलं असतं. म्हणून 'इथे फक्त दोनच आहे' असं म्हणत गरोदर बाईला त्या वाफेत उभं करणं ही फार मोठी चूक आहे. न्यायालयात पुरावा अपुरा पडला म्हणजे घटना किरकोळ होती असा अर्थ कुणी काढत नाही.

चौथा 'दोन', वारंवार संपर्काचा, हा बराचसा मात्रेचा आकडा. उंदरांना रोज ६ तास, ९० दिवस वाफेत ठेवलं आणि लिटरभर हवेत ०.२ मिलिग्रॅमच्या आतच अवयवांना ठळक इजा झाली तर श्रेणी १, ०.२ ते १ मिलिग्रॅमच्या दरम्यान झाली तर श्रेणी २, असा ढोबळ दंडक आहे. माणसांमध्ये दिसलेला पुरावा असेल तर तोही तोलला जातो. टोल्युईनचा रोख मेंदू आणि मज्जासंस्थेवर असतो. दीर्घकाळ वाफेत काम करणाऱ्यांची श्रवणशक्ती कमी होते, आणि जोडीला यंत्रांचा गोंगाट असेल तर आणखी. ऐकू कमी येणं म्हणजे गोंगाटाचाच परिणाम असं सगळे धरून चालतात. द्रावकाकडे बोट फारसं कुणी दाखवत नाही.

राहिल्या दोन ओळी. गुंगीची श्रेणी ३ ही खालची पायरी वाटते, पण या वर्गात ३ हा आकडा गुंगी आणि श्वासमार्गाची चुरचुर यांच्यासाठीच राखून ठेवलेला आहे. गंभीरतेच्या शिडीवर तो २ च्या खालचा दांडा नाही, शेजारचं वेगळं दालन आहे.

शेवटची ओळ, श्रेणी १, ही या पत्रकातली सगळ्यांत चकवणारी. टोल्युईनचा तोंडावाटे एलडी-५० दर किलोमागे ५,००० मिलिग्रॅमच्या वर आहे. जीएचएसची सर्वांत सौम्य अशी पाचवी श्रेणीही ५,००० लाच संपते. म्हणजे गिळण्याच्या विषारीपणात टोल्युईन कुठल्याच श्रेणीत बसत नाही. आणि तरी त्याच पत्रकात वाक्य असतं: 'गिळल्यास व श्वासमार्गात शिरल्यास प्राणघातक ठरू शकतं.' दोन्ही विधानं खरी आहेत. पोटातलं टोल्युईन आणि फुप्फुसातलं टोल्युईन या अगदी वेगळ्या गोष्टी. हा द्रव पाण्यापेक्षाही जरा पातळ आणि ओलावत पसरणारा. गिळताना ठसका लागला किंवा उलटी झाली की त्यातला थोडा भाग श्वासनलिकेत उतरतो, फुप्फुसाच्या नाजूक पडद्यांवर झरझर पसरतो आणि रासायनिक न्यूमोनिया होतो. म्हणून या वर्गात मोजतात ती चिकटता: ४० अंशांना २०.५ चौरस मिलिमीटर प्रतिसेकंद किंवा त्याहून कमी असलेले हायड्रोकार्बन सरळ श्रेणी १ मध्ये जातात. टोल्युईन एकाच्याही खाली आहे. कुणी चुकून असा द्रव प्यायला तर मीठपाणी पाजून किंवा घशात बोटं घालून उलटी करवायची नाही, ताबडतोब डॉक्टरकडे न्यायचं, हा लेबलावरचा सल्ला याच एका मोजमापातून आला आहे. चांगल्या हेतूनं करवलेली उलटीच इथे जीव घेऊ शकते.

आकड्यांच्या गोंधळात भर घालणारी आणखी एक गोष्ट. अमेरिकेच्या नॅशनल फायर प्रोटेक्शन असोसिएशनचा चौरंगी चौकोन टाक्यांवर रंगवलेला दिसतो. त्यात ४ सर्वांत वाईट आणि ० निर्धोक, म्हणजे जीएचएसच्या अगदी उलट. तिथे टोल्युईनच्या आगीला ३ गुण आहेत, एसडीएसमध्ये श्रेणी २. दोन्ही बरोबर आहेत, फक्त एक शिडी वरून मोजलेली आणि दुसरी खालून.

आणि हे सगळं झालं रसायनाच्या स्वभावाचं वर्णन. सीलबंद पिंपालाही तेच लेबल आणि बंद खोलीत उघड्या बादलीलाही तेच. प्रत्यक्ष जोखीम किती, हे संपर्क किती आणि किती वेळ यावर ठरतं. ते लेबलाच्या कक्षेत येत नाही.

टोल्युईनच्या यादीत कर्करोग नाही, आणि त्यामागचं कारण मोठं सुंदर आहे. टोल्युईन आणि बेन्झीन सख्खे भाऊ. दोघांतही सहा कार्बनची तीच कडी, फक्त टोल्युईनच्या कडीला एका कार्बनची शेंडी आहे. यकृतातल्या विकरांना ती शेंडी हाताला लागते. ते तिचंच ऑक्सिडीकरण करतात, बेन्झोइक आम्ल बनतं, त्याला ग्लायसीन जोडलं जातं आणि हिप्युरिक आम्ल होऊन ते लघवीवाटे निघून जातं. बेन्झीनला शेंडी नाही. विकरांना कडीवरच घाव घालावा लागतो, त्यातून निघणारी क्रियाशील संयुगं अस्थिमज्जेपर्यंत पोचतात आणि रक्ताचा कर्करोग घडवतात. बेन्झीन कर्करोगात श्रेणी १ए, म्हणजे माणसांमध्ये सिद्ध.

पण व्यापारी टोल्युईन क्वचितच शंभर टक्के शुद्ध असतं, आणि त्यात सहज सापडणारी भेसळ म्हणजे हा भाऊच. श्रेणी १ च्या कर्करोगकारकाचं प्रमाण मिश्रणात ०.१ टक्का झालं की सगळं मिश्रण कर्करोगकारक धरायचं असा नियम आहे. २०० लिटरच्या पिंपात हे प्रमाण भरतं पेलाभर, साधारण २०० मिलिलिटर. असं पिंप रंगानं ओळखू येत नाही, वासानं नाही, फ्लॅश पॉइंटनंही नाही. मिश्रणातले घटक वेगळे करून मोजणाऱ्या गॅस क्रोमॅटोग्राफच्या आलेखावर मात्र टोल्युईनच्या उंच सुळक्याच्या थोडं आधी एक बारीकसं टोक उठतं. त्या टोकाखालचा हिशोब ०.१ टक्क्याला भिडला की दुसऱ्या कलमात सातवी ओळ लिहावी लागते, कर्करोगकारक, श्रेणी १ए. आणि तिच्याखाली आठवी, आनुवंशिक बदल घडवणारं, श्रेणी १बी.